भागीदार निवडताना पहिला प्रश्न: त्याचा नफा कशाने वाढतो?

शाश्वत व्यवसायाच्या नावाने होणाऱ्या भागीदाऱ्यांची सुरुवात बहुतेक वेळा एकसारखी असते. एखाद्या परिषदेत ओळख होते, दोघांची ध्येयधोरणे जुळतात, सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो निघतो. पुढे कोणी काय करायचे हे मात्र ठरलेले नसते. वर्षभरात दोन्हीकडचे ईमेल विरळ होतात आणि मग थांबतात. यात कोणी लबाडी केलेली नसते. विचार जुळले म्हणजे भागीदार मिळाला, हा समज तेवढा चुकलेला असतो.

विचार जुळायला हवेत हे खरे, पण नवख्या माणसाने त्याला फार वजन देऊ नये असे माझे मत आहे. समोरच्याचे उत्पन्न कशाने वाढते, त्याच्याकडे निर्णय नेमका कोण घेतो आणि तो वाईट बातमी कशी सांगतो, या तीन गोष्टींवरून जास्त कळते. त्या तपासायच्या कशा ते खाली पायरीपायरीने दिले आहे. लहान कंपनी असो, स्टार्टअप असो, की मोठ्या कंपनीत नुकतीच ही जबाबदारी आलेली असो, क्रम साधारण हाच राहतो.

१. आपल्याकडे काय नाही ते आधी लिहा

शोध सुरू करण्यापूर्वी एक वाक्य कागदावर उतरवा: ‘आम्हाला अमुक करायचे आहे, पण तमुक नसल्यामुळे ते एकट्याने जमणार नाही.’ तमुकच्या जागी काय येते त्यावर पुढचे सगळे ठरते. तिथे फक्त पैसा येत असेल तर तुम्हाला भागीदाराची गरज नाही, कर्ज किंवा गुंतवणूकदार बघा. प्रयोगशाळा, टाकाऊ मालाचा नियमित पुरवठा, विक्रीचे जाळे, लोकांचा विश्वास असे काही येत असेल तर पुढे जा. ‘पाठबळ’, ‘समन्वय’, ‘इकोसिस्टीम’ असे ढगळ शब्द आले तर वाक्य पुन्हा लिहा.

त्याच कागदावर दुसरी नोंद करा. तुमच्या उत्पादनाचा पर्यावरणावरचा मोठा भार नेमका कुठे पडतो? कच्च्या मालात, कारखान्यात, वाहतुकीत, वापरात, की फेकून दिल्यावर? कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबासाठी जगभर वापरला जाणारा ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल तीन स्कोप मानतो. स्वतःच्या भट्ट्या आणि गाड्यांचे उत्सर्जन पहिल्यात येते, विकत घेतलेल्या विजेचे दुसऱ्यात, आणि पुरवठादारांपासून ग्राहकापर्यंतचे बाकी सगळे तिसऱ्यात. या तिसऱ्या स्कोपचे १५ प्रकार आहेत आणि अनेक उद्योगांत सर्वांत मोठा आकडा तिथेच निघतो. भागीदार त्याच जागेवरचा हवा.

कपडे धुण्याच्या पावडरचे बघा. तिच्या आयुष्यातली पुष्कळ ऊर्जा कारखान्यात खर्च होतच नाही, ती ग्राहकाच्या मशीनमध्ये पाणी तापवण्यात जाते. म्हणजे गार पाण्यात काम करणारी एन्झाइम बनवणारी कंपनी आणि वॉशिंग मशीन बनवणारी कंपनी हे पावडरवाल्याचे कामाचे भागीदार ठरतात. पाकीट बनवणाऱ्याला हाताशी धरून पातळ पाकीट काढणे सोपे असते, जाहिरातीतही ते शोभते. पण भार आहे तिथे हात लागत नाही.

२. शोध आपल्या धंद्याबाहेरही घ्या

पुरवठादार आणि ग्राहक हे पहिले सुचतात. ते बरोबरच आहे. पण तिथेच थांबू नका.

शेजाऱ्यांकडे बघा. डेन्मार्कमधल्या कालुंडबोर्ग या बंदराच्या गावात तेलशुद्धीकरण कारखाना, औष्णिक वीजकेंद्र, औषधनिर्मिती आणि प्लास्टरबोर्डचा (भिंती-छतांना लावायच्या जिप्समच्या पाट्यांचा) कारखाना जवळजवळ आहेत. १९७२ मध्ये शुद्धीकरण कारखान्यातला जादा वायू प्लास्टरबोर्डवाल्यांनी इंधन म्हणून घ्यायला सुरुवात केली. पुढे वीजकेंद्राची वाफ इतरांकडे जाऊ लागली, आणि त्याच्या धुरातून गंधक काढताना तयार होणारे जिप्सम प्लास्टरबोर्डचा कच्चा माल झाले. आज औद्योगिक सहजीवनाचा नमुना म्हणून सगळीकडे याचा दाखला देतात, पण सुरुवातीला कोणी तसा आराखडा आखला नव्हता. दोन शेजाऱ्यांमधला एकेक व्यवहार होत गेला आणि प्रत्येक व्यवहाराला आपला खर्च भरून काढावा लागला. तेव्हा तुमचा कचरा, वाया जाणारी उष्णता आणि रिकाम्या परतणाऱ्या गाड्या यांची यादी करा आणि ती घेऊन शेजारच्या दारात जा.

स्वयंसेवी संस्थांचे नाव निघाले की बहुतेकांच्या मनात देणगीच येते. १९९० मध्ये मॅकडॉनल्ड्स आणि अमेरिकेतील एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड यांनी कचरा कमी करण्यासाठी एकत्र काम सुरू केले, तेव्हा संस्थेने कंपनीकडून पैसे घेतले नाहीत. मतभेद झालेच तर दोघांनी आपापले म्हणणे वेगळे मांडायचे, हेही आधी ठरले होते. संस्थेच्या माणसांनी रेस्टॉरंटमध्ये उभे राहून प्रत्यक्ष काम केले. त्याच वर्षी कंपनीने बर्गरचे फोमचे डबे बंद करून कागदी वेष्टणाकडे वळण्याचे जाहीर केले. टीका करण्याचा हक्क राखून ठेवणारा भागीदार कंपनीला गैरसोयीचा वाटतो. पण बाहेर त्याच्या शब्दाला किंमत असते ती त्या हक्कामुळेच.

विद्यापीठांबरोबर काम करायचे तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथले वेळापत्रक संशोधक विद्यार्थ्याच्या प्रबंधावर चालते, तुमच्या आर्थिक वर्षावर नाही. आणि प्राध्यापकांना शोधनिबंध छापायचा असतो. पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी तो छापला गेला, तर अनेक देशांत पेटंटचा हक्कच जातो. म्हणून अर्ज आधी, निबंध नंतर, हा क्रम लेखी ठरवून घ्या.

प्रतिस्पर्धीसुद्धा भागीदार होऊ शकतो. सामायिक मानके, पुनर्वापराची यंत्रणा, मूलभूत संशोधन यांत हे चालते. इथे मात्र वकिलाशिवाय पहिली बैठकही घेऊ नका. जर्मन मोटार कंपन्या डिझेलचा धूर स्वच्छ करण्याच्या तंत्रज्ञानावर तांत्रिक बैठका घेत असत. कायद्याच्या किमान मर्यादेपेक्षा जास्त स्वच्छ करण्याची आपसांत स्पर्धा करायची नाही, असे संगनमत त्यातून झाल्याचे युरोपीय आयोगाला आढळले. आयोगाने जुलै २०२१ मध्ये फोक्सवॅगन समूह आणि बीएमडब्ल्यू यांना मिळून ८७.५ कोटी युरोचा दंड केला. संगनमत उघड करणाऱ्या डाइमलरला दंड माफ झाला. पर्यावरणाच्या नावाखाली केलेले सहकार्य पर्यावरणाच्याच विरोधात जाऊ शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या सगळ्यातून आठ-दहा नावे निघाली की पुरे. पन्नास नावांची यादी कोणी नीट तपासत नाही.

३. आपला प्रयोग यशस्वी झाला तर याचे काय होईल?

प्रत्येक नावापुढे हा प्रश्न लिहा: प्रयोग जमला, तर याचे उत्पन्न वाढेल की घटेल? सगळ्या निवडीत सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

समजा तुम्हाला कारखान्यातला रंगाचा वापर कमी करायचा आहे आणि भागीदार म्हणून रंगाचा पुरवठादार निवडला. त्याला किलोवर पैसे मिळत असतील तर तुमची कल्पना त्याच्या पोटावर येते. वरिष्ठ अधिकारी बैठकीत मान डोलावतील, पण त्यांच्या विक्री विभागाचे टार्गेट किलोतच मोजले जाणार. काही महिन्यांनी नमुने उशिरा येऊ लागतात, तंत्रज्ञ दुसऱ्या कामात अडकतात. कोणी नाही म्हणत नाही आणि काम पुढे सरकत नाही.

याला उपाय आहे. युनिडो ही संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था २००४ पासून ‘केमिकल लीजिंग’ या नावाने तो पुढे आणते आहे. पुरवठादाराला रसायनाच्या वजनाचे पैसे न देता कामाचे द्यायचे, म्हणजे रंगवलेल्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर किंवा स्वच्छ केलेल्या सुट्या भागांच्या नगांवर. आता रसायन जितके कमी लागेल तितका पुरवठादाराचाच खर्च वाचतो, आणि कमी वापरायची युक्ती तो स्वतःहून शोधू लागतो. नवे यंत्र, नवे पेटंट यांच्या मागे लागण्याआधी पैसे मोजण्याचे एकक बदलून बघा, असे मी कोणालाही सांगेन. पुरवठादार त्या चर्चेलाही तयार नसेल, तर त्याच्या नावावर तिथेच काट मारता येते.

दोघांचा फायदा एकाच प्रकारचा असायला हवा असे नाही. इंटरफेस ही गालिचे बनवणारी कंपनी आणि झूलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन ही वन्यजीव संवर्धन संस्था यांनी २०१२ मध्ये फिलिपिन्समध्ये नेट-वर्क्स हा उपक्रम सुरू केला. किनाऱ्यावरची गावे टाकून दिलेली मासेमारीची जाळी गोळा करून विकत. अ‍ॅक्वाफिल ही कंपनी त्यांचे पुन्हा नायलॉनचे सूत बनवत असे आणि इंटरफेस त्या सुतापासून गालिचे तयार करत असे. गावांना उत्पन्न मिळे, संस्थेला स्वच्छ समुद्र, सूतवाल्याला कच्चा माल आणि गालिचेवाल्याला नवे पेट्रोलियम न वापरता बनलेला धागा. चौघांचे हेतू वेगळे असले तरी जाळी जास्त गोळा झाली की चौघांचेही भले होते. भागीदारीत हे बघायचे असते.

काही जणांना मात्र तुमच्या कामाशी देणेघेणे नसते, तुमच्या नावाचा उपयोग हवा असतो. त्याची खूण सोपी आहे. कामाचा आराखडा तयार होण्याआधी संयुक्त प्रसिद्धीपत्रकाचा मसुदा येतो. हेतू शंभर टक्के शुद्ध असावेत असा आग्रह कोणी धरू नये, प्रसिद्धी सगळ्यांनाच हवी असते. पण आधी काय मागितले, ते लक्षात ठेवा.

४. कागद तपासा, मग कागदाबाहेरचे तपासा

तीन वर्षांचे ताळेबंद मागा. कर्जात बुडालेली कंपनी पहिल्या तंगीत संशोधनाचाच खर्च कापते. मालकी कोणाची आहे, कंपनी विकायला काढली आहे का, कोर्टात काय प्रलंबित आहे, तेही बघा.

प्रमाणपत्रे वाचताना ती नेमके काय प्रमाणित करतात ते बघा. आयएसओ १४००१ या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाची पद्धत त्या ठिकाणी लागू आहे. प्रदूषण अमुक पातळीखाली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. प्रमाणपत्रावर कोणत्या पत्त्याचा उल्लेख आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. अनेकदा ते मुख्य कार्यालयाचे असते आणि तुमचे काम होणार असते दुसऱ्याच कारखान्यात. २०१३ मध्ये बांगलादेशात राणा प्लाझा कोसळून ११००हून अधिक कामगार गेले. तिथल्या काही कारखान्यांचे कामगार-मानकांसाठी ऑडिट झालेले होते, पण इमारतीची मजबुती तपासणे हा त्या ऑडिटचा भागच नव्हता. प्रमाणपत्राने जे तपासले नाही, त्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

मग माणसांशी बोला. संदर्भासाठी कंपनी तीन खूश भागीदारांची नावे देईल. त्यांना फोन करा, पण त्याबरोबर एक नाव स्वतः मागा: ज्याच्याबरोबरचे काम मध्येच थांबले असा एक भागीदार. नाव देताना समोरचा कसा वागतो यातूनच बरेच समजते. आणि त्या माणसाला ‘काम का बंद पडले’ असे विचारण्यापेक्षा ‘बंद पडणार हे तुम्हाला कोणी आणि कधी सांगितले’ असे विचारा.

कारखान्याला भेट द्या. स्वागतकक्षातून निघून सादरीकरण पाहून परत येणे ही भेट नव्हे. कचरा साठवतात तिथे जा, पाळी बदलताना थांबा, देखभाल विभागातल्या माणसांशी बोला. शक्य असेल तर तुमचा एक माणूस तिथे दोन-चार दिवस काम करू द्या आणि त्यांचा एक तुमच्याकडे बोलवा.

एक तपासणी हमखास राहून जाते. शाश्वतता विभाग करारावर सही करतो, पण ऑर्डर खरेदी विभाग काढतो. त्यामुळे पहिल्या महिन्यातच खरेदी विभागाच्या प्रमुखाला भेटायला मागा. त्याच्या वार्षिक मूल्यमापनात फक्त किंमत मोजली जात असेल, तर तुमचा थोडा महाग पण कमी कार्बनचा माल त्याच्या टेबलावर अडणार हे गृहीत धरा. भेट नाकारली गेली तर तेही उत्तरच.

हे सगळे झाल्यावर लोक गुणांचा तक्ता करतात आणि सरासरी काढतात. तक्ता करायला हरकत नाही, सरासरी मात्र काढू नका. ज्याच्या हिशेबात लपवाछपवी दिसली, त्याला तंत्रज्ञानात पैकीच्या पैकी गुण देऊन वर आणता येत नाही. दोन-तीन अटी अशा ठेवा की त्यात नापास म्हणजे बाहेर. उरलेल्यांची तुलना त्यानंतर.

५. आधी छोटे काम, आणि त्याचे पैसे द्या

दोन-तीन नावे उरली की प्रत्येकाबरोबर लहानसा पायलट, म्हणजे चाचणीचा प्रयोग, करा. तीन ते सहा महिने, एक उत्पादन किंवा एक लाइन. फुकट करून घेऊ नका. फुकटच्या कामाला समोरचा आपली चांगली माणसे देत नाही, आणि लहान स्टार्टअपला तर ते परवडतही नाही.

सुरू करण्याआधी आजची स्थिती मोजा: किती पाणी, किती वीज, किती कचरा, किती माल परत येतो. ही मोजणी न करता सुरू झालेल्या पायलटचे यश नंतर वादाचा विषय होते. कोण मोजणार, कोणत्या मीटरवर, आणि आकडे दोघांना एकाच वेळी दिसणार का, हे लिहून ठेवा. काम कधी थांबवायचे तेही आधीच ठरवा. ‘अमुक महिन्यापर्यंत वापर इतक्या टक्क्यांनी कमी झाला नाही तर बंद.’ पुढे काम सुरू झाले की कोणालाच ते थांबवायचे नसते.

नवे तंत्रज्ञान असेल तर ते किती पिकले आहे ते विचारा. नासाने रूढ केलेली तंत्रज्ञान-सज्जतेची १ ते ९ ही श्रेणी त्यासाठी सोयीची आहे. १ म्हणजे नुसते तत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध. काचेच्या भांड्यात जमलेली प्रक्रिया टनांच्या टाकीत तशीच चालेल याची खात्री नसते. ‘तयार आहे’ असे म्हणणाऱ्याला श्रेणीतला आकडा आणि त्याचा पुरावा मागा.

पायलटमध्ये तांत्रिक निकालाइतकेच लक्ष पहिल्या वाईट बातमीवर ठेवा. काहीतरी बिघडणारच. ते तुम्हाला त्याच दिवशी फोनवर कळले, की मासिक अहवालाच्या सतराव्या पानावर? सांगताना कारण आणि पुढचा उपाय होता, की फक्त दोष कोणाचा याची चर्चा? मला विचाराल तर निकाल मध्यम पण बातमी वेळेवर देणारा भागीदार मी आधी निवडेन.

६. करारात निरोपाची तरतूद आधी

गोपनीयतेचा करार पायलटच्या आधीच होतो. सामंजस्य करार सहसा कायद्याने बांधून ठेवत नाही, इच्छा नोंदवतो. खरा करार पायलटनंतर करा आणि त्याची सुरुवात शेवटच्या कलमापासून करा. सहकार्याने व्यवसाय करण्यासाठी आयएसओ ४४००१ हे २०१७ चे मानक आहे. त्याच्या आठ टप्प्यांत शेवटचा टप्पा बाहेर पडण्याच्या धोरणाचा आहे.

बाहेर पडायचे कसे हे आधी ठरवले नाही तर काय होते हे फोक्सवॅगन आणि सुझुकीने पाहिले. डिसेंबर २००९ मध्ये छोट्या गाड्या आणि पर्यावरणपूरक तंत्रज्ञानासाठी दोघे एकत्र आले आणि फोक्सवॅगनने सुझुकीचे सुमारे २० टक्के शेअर घेतले. सुझुकीला स्वतःची स्वायत्तता हवी होती, तर फोक्सवॅगनच्या अहवालात सुझुकीचा उल्लेख आपला प्रभाव चालणारी कंपनी असा झाला. हवे ते तंत्रज्ञान मिळत नाही, ही सुझुकीची तक्रार. सुझुकीने फियाटकडून डिझेल इंजिने घेऊन करार मोडला, ही फोक्सवॅगनची. २०११ मध्ये सुझुकीने वेगळे व्हायचे ठरवले. प्रकरण लवादाकडे गेले आणि शेअर परत मिळायला २०१५ उजाडले.

बाकीच्या कलमांपैकी बौद्धिक संपदेचे सर्वांत किचकट. प्रत्येकाने आधीपासून आणलेले ज्ञान त्याचेच राहते, ते जोडपत्रात नावानिशी लिहा. एकत्र काम करताना जन्मलेल्या ज्ञानाची मालकी वेगळी ठरवा. ‘निम्मे-निम्मे’ हे उत्तर ऐकायला न्याय्य वाटते, पण दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नसेल तर दोघेही अडकतात. मालकी एकाकडे आणि दुसऱ्याला ठरावीक क्षेत्रात कायमचा वापरहक्क, ही वाटणी बहुधा जास्त चालते.

मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्या लहान कंपनीने ‘फक्त आम्हालाच’ या अटीपासून सावध राहावे. ती अट द्यावी लागलीच तर एका क्षेत्रापुरती, एका मुदतीपुरती आणि किमान खरेदीच्या हमीसह द्या. हमीची खरेदी झाली नाही तर अट आपोआप संपली पाहिजे. पैसे किती दिवसांत मिळणार, तेही बघा. बिलाला चार महिने लावणाऱ्या ग्राहकामुळे लहान कंपनी नफ्यात असतानाही बंद पडू शकते.

पर्यावरणाचे दावे कोण करणार, कोणत्या शब्दांत आणि कोणाच्या मोजणीवर, हे कलम हल्ली टाळता येत नाही. एकाने वाढवून सांगितले तर नाव दोघांचे जाते. उत्सर्जनातली तीच घट दोघांनी आपापल्या यशोगाथेत मोजायची का, तेही ठरवा.

७. सुरू झाल्यावर

दोन्हीकडे एकेक जबाबदार माणूस नेमा आणि त्याचा पर्यायही नेमा, कारण अनेक भागीदाऱ्या प्रत्यक्षात दोन माणसांच्या ओळखीवर चालतात आणि त्यातल्या एकाची बदली झाली की थांबतात. तीन महिन्यांनी आकड्यांचा आढावा घ्या. वर्षातून एकदा पहिल्या कागदावरचे वाक्य पुन्हा वाचा. जे नव्हते ते आता आपल्याकडे आले असेल, तर भागीदारीचे स्वरूप बदलायची वेळ झाली आहे.

भागीदार सुधारला म्हणूनही व्यवस्था बिघडू शकते. कालुंडबोर्गचे वीजकेंद्र गेल्या दशकाच्या अखेरीस कोळसा सोडून लाकडाच्या चिप्सवर गेले. हवामानासाठी ते योग्यच, पण कोळशाच्या धुरातले गंधकच नसेल तर त्यापासूनचे जिप्समही आटते. दुसऱ्याच्या कचऱ्यावर तुमचा कच्चा माल अवलंबून असेल, तर तो कचरा कमी करण्याच्या त्याच्या योजना दर वर्षी विचारा आणि पर्यायी पुरवठा शोधून ठेवा.

थांबायचे ठरले तर कराराच्या जोडपत्रात हस्तांतराची यादी असू द्या: साचे, नमुने, मोजणीचा कच्चा डेटा, पासवर्ड, अर्धवट पेटंट अर्ज. ग्राहकांना कोण कळवणार आणि कोणत्या तारखेला, ते ठरवा. दोघांची नावे किंवा संयुक्त दावा छापलेली वेष्टणे गोदामात किती शिल्लक आहेत ते मोजून घ्या, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत वापरता येतील याची लेखी परवानगी जुन्या भागीदाराकडून त्याच बैठकीत घ्या.